शेवटच्या मॅचचं पान

मी दिग्रस सोडलं त्या सकाळी बाबा ड्यूटीवर होते. त्यांनी सुट्टी घेतली नव्हती आणि घेतील असं आम्हाला वाटलंही नव्हतं. दिग्रसच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे खिडकीमागे बसून कोणती गाडी कधी आली आणि कधी सुटली ते रजिस्टरात लिहायचं आणि माईकवर पुकारायचं. आई तेवढी फलाटावर आली होती, विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसून. विमानात ठेचा नेता येत नाही हे तिला चार दिवस सांगून मी थकले होते, तरी तिने डबा माझ्या मांडीवर ठेवलाच. बाबांनी यवतमाळमार्गे नागपूरची गाडी पुकारली, रोजच्याच आवाजात. गाडी हलली तेव्हा ते मान खाली घालून लिहीत होते. मला भयंकर राग आला. खिडकीतून मी आईला म्हणाले, बघ, एकदा वर तरी पाहावं माणसाने. आई गाडीबरोबर चार पावलं चालत आली आणि म्हणाली, "अवं, तुहीच गाडी लिहून राह्यले नं ते."

त्याला आता नऊ वर्षं झाली. यवतमाळच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली मी पुढच्या शिक्षणासाठी फिनलंडला आले आणि इथलीच झाले. ज्या गावात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तिथल्या मुलीने बर्फ पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याकडे. इथे आल्यावर एका मैत्रिणीने मला बायकांची आइस हॉकीची मॅच बघायला नेलं आणि मी खुळावले. डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घातलेल्या पोरी, हातात काठ्या, बर्फावर एक काळी रबरी चकती आणि तिच्यामागे ही धावपळ. पण माझं लक्ष गेलं ते कडेच्या काचेमागे बसलेल्या चार माणसांकडे. ती मॅच मोजत होती. कोणी किती शॉट मारले, गोलकीपरने किती अडवले, कोण किती मिनिटं शिक्षेवर बाहेर बसली. मी त्याच आठवड्यात तिथे नाव दिलं.

पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, पण विचारलं तर मी हेच काम सांगते. ते वाटतं तितकं सोपं नाही. प्रत्येक शॉटला मनात विचारावं लागतं, गोलकीपर तिथे नसती तर हा आत गेला असता का? असता, तर तो शॉट आणि तिच्या नावावर एक अडवणूक. चकती गोलच्या खांबाला लागून परत आली तर मात्र तो धरत नाहीत, कितीही जोरात मारलेला असो. मला शिकवणारी मार्या सत्तरीची आहे. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की खेळाडू विसरतात, प्रेक्षक विसरतात, राहतं ते पान. हे मला कुणी नव्याने सांगायची गरजच नव्हती, मी असल्याच घरातली.

प्रत्येक मॅचचं पान इंटरनेटवर येतं आणि त्याच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात आमची नावं असतात. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात नुसत्या येरझारा घालत होते. त्यांनी ते पान उघडायला शिकून घेतलं. त्यानंतर मी बसलेली एकही मॅच त्यांनी सोडली नाही. बर्फावरचा खेळ त्यांनी आजपर्यंत पाहिलेला नाही, पाहायची इच्छाही नाही. त्यांना पान हवं असतं. वर 'लाइव्ह' लिहिलेलं असलं की पोरगी ड्यूटीवर आहे आणि 'फायनल' आलं की मोकळी झाली, एवढं त्यांना पुरायचं. मग फोन यायचा. त्यात हरलेल्या संघाच्या गोलकीपरची चौकशी पहिली. "एवढे अडवले तिनं, तरी हारली बिचारी. कोणाची पोरगी हाये वं ते? तिच्या घरचे पाहाले येतात का?" मला काय माहीत असणार. मी ठोकून द्यायचे की येतात, आई-बाप दोघंही येतात. त्यावर त्यांना बरं वाटायचं.

आता एसटीतली एक रीत सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. मी चौथीत असताना शाळा सुटली की बाबांच्या खिडकीमागे येऊन बसायचे. एकदा उमरखेडहून यवतमाळला जाणारी गाडी दिग्रसला लागली, ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला. त्याचा सख्खा भाऊ गेल्याचा फोन दहा मिनिटांपूर्वीच आला होता. माझ्यासमोर आला होता. बाबांनी त्याला चहा पाजला, गाडी लिहिली, पुकारली आणि जाऊ दिलं. मग यवतमाळला फोन करून तिथल्या नियंत्रकाला सांगितलं की याला तिथे उतरल्यावर सांगा आणि परत आणायची सोय करा. मी विचारलं, त्याला सांगितलं काहून नाही? बाबा म्हणाले, "त्याच्या मागं पन्नास माणसं बसले हायेत. गाडी लागू दे, मंग सांगतात." मला हे इतकं आवडलं की मी वर्गात सगळ्यांना सांगत फिरले. माझा बाप केवढा थंड डोक्याचा, असं.

गेल्या वर्षी वसंतात इथल्या आमच्या गावात बायकांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. हॉकीत फारशी नावाजलेली नसलेल्या देशांचे संघ, आठवडाभर रोज सामने. निकाल आणि आकडेवारीची सगळी जबाबदारी पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. कोणतंही पान 'फायनल' करायचं बटण माझ्या हातात. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे आता तू कंट्रोलर झाली.

त्या आठवड्यात आमचं रोज बोलणं झालं, दोन-दोन मिनिटं. आई कुठेय विचारलं की बाबा सांगायचे, विहारात गेली. दुसऱ्या दिवशी, आता डोळा लागला तिचा, उठवत नाही. तिसऱ्या दिवशी, शेजारी हळदीला गेली. मी मान डोलवून फोन ठेवायचे. इथे मला स्वतःला सोडायचं नाहीये. जी बाई एरवी पहिल्या रिंगलाच फोन कानाला लावायची ती तीन दिवस घरात सापडत नाही, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मला घाई होती. मी एकदाही म्हणाले नाही की बाबा, खरं सांगा.

शेवटची मॅच दुपारी चारला संपली. दिग्रसला तेव्हा साडेसहा. सगळे हात मिळवत होते, बक्षिसं वाटणं चाललं होतं आणि आमच्या टेबलावर शॉट मोजणाऱ्या दोघांचे आकडे जुळत नव्हते. हरलेल्या संघाच्या गोलकीपरच्या नावावर एक अडवणूक जास्त की कमी, एवढाच घोळ. मार्या म्हणाली, निकाल तर तोच राहणार, एक आकडा धर आणि बंद कर पान. मी ऐकलं नाही. शंका असेल तर रजिस्टर मिटायचं नाही हे मी बापाकडून शिकलेली. मी म्हणाले, उद्या सकाळी व्हिडिओ हातात येईल, तो बघते, मग करते. मार्या हसली. मला तेव्हा स्वतःचा किती अभिमान वाटला होता ते आठवलं की आता अंग जळतं.

सकाळी दहाला मी व्हिडिओ पाहिला. चकती खांबाला लागली होती. मी गोलकीपरच्या खात्यातून एक अडवणूक कमी केली आणि बटण दाबलं. पाच मिनिटं झाली नसतील, बाबांचा फोन आला.

"झालं का तुहं काम?"

"झालं, बाबा."

"सगळंच? आता कोठं जायचं नाही नं तुले?"

"नाही," मी हसत म्हणाले. "आता झोपायचं."

"मंग बस खाली. तुही आई गेली. आज सकाळी आठ वाजता."

आई सोमवारपासून यवतमाळला दवाखान्यात होती. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. घरात तिच्या फोटोपुढे मेणबत्ती होती आणि माणसं मला जयभीम म्हणून बाजूला सरकत होती. फलाटावरच्या चहावाल्याला माझी आई आजारी असल्याचं सोमवारीच ठाऊक होतं. पुसदच्या गाडीचे कंडक्टर दोनदा भेटून गेले होते. शेजारच्या शकीला चाचींनी दवाखान्यात डबे पोचवले होते. सगळ्या तालुक्याला माहीत होतं, मला सोडून.

बाबांनीच मला सगळं सांगितलं, काही न लपवता, जशी एखाद्या गाडीची हकिकत सांगावी तसं. शेवटच्या संध्याकाळी आई शुद्धीवर होती, चांगलं बोलत होती. "करुणाले फोन लावा नं," ती म्हणाली. बाबांनी फोन हातात घेऊन पान उघडलं. मॅच संपलेली दिसत होती, पण वर 'फायनल' नव्हतं. ते तिला म्हणाले, "थांब जराशीक. तिचं काम संपून नाही राह्यलं." तिने परत विचारलं. त्यांनी परत पान पाहिलं. मग ती म्हणाली, बरं, आणि कुशीवर वळली. त्यानंतर ती बोलली नाही.

मी ओरडले त्यांच्यावर. लोकांसमोर, जन्मात पहिल्यांदा. काय ड्रायव्हर होते का मी, तुमची गाडी चालवत होते का? बाबा म्हणाले, "मले वाटलं, तू मधातच उठून निघशील. एवढ्या देशाच्या पोरी खेळून राह्यल्या होत्या तुह्या भरवशावर."

ते पान रात्रभर का उघडं होतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, मोठी स्पर्धा, मोठं काम, लागला असेल वेळ. खांबाला लागलेल्या एका शॉटसाठी, ज्याने कुणाचा विजय हुकला नाही की कुणाचं बक्षीस गेलं नाही, मी माझ्या आईला ताटकळत ठेवलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? सांगितलं तर त्यांना आणखी एक कळेल, की मी हे त्यांच्याकडूनच शिकले. ते मला सहन होणार नाही आणि त्यांना तर नाहीच. म्हणून इथे लिहिते आहे.

गाव सोडून गेलेल्यांना आणि गावात राहिलेल्यांना माझी एकच विनवणी आहे. आमचं काम संपायची वाट पाहू नका. आमचं काम संपत नसतं, तसं दाखवायला आम्हाला आवडतं एवढंच. आणि तुम्ही जे माझ्यासारखे दूर आहात, ते आई झोपली आहे असं ऐकून फोन ठेवू नका, उठवा म्हणा. घर म्हणजे काय यावर मी पूर्वी बरंच काही बोलायचे, ठेचा आणि पळस आणि काय काय. आता मला इतकंच कळतं की जिथली वाईट बातमी आपल्याला सगळ्यांच्या आधी कळते ते आपलं घर. त्या हिशोबाने मी बेघर आहे. बाबांना मी बजावलं की यापुढे काहीही झालं तरी आधी मला सांगायचं. ते म्हणाले, सांगीन. त्यांचा तो आवाज मला ओळखू येतो, गाडी पुकारायचा आवाज आहे तो.

या वसंतात परत स्पर्धा आली. बाबांना इकडे बोलावून पाहिलं, तर तिथं येऊन मी काय करू, म्हणाले. टेबलावर फोनला परवानगी नाही, तरी मी तो मांडीवर ठेवून बसते. परवा मॅचच्या तीन भागांपैकी दुसरा संपत आला असताना शकीला चाचींचा मेसेज आला. "करुणा बेटा, भाईसाब को फोन कर ले. मैंने बताया, ये मत बोलना."

मी तिथूनच फोन लावला. बाबांनी उचलला, पण त्यांचा श्वास पुरत नव्हता. मागे कुणीतरी सलाइन, सलाइन म्हणत होतं.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. तू काम कर."

"काम झालं माझं. सांगा."

"खोटं कायले बोलतं? माह्यासमोर पान हाये. लाइव्ह दाखवून राह्यलं. मॅच संपू दे, मंग सांगतो."

मॅचचा एक अख्खा भाग शिल्लक होता. मी स्क्रीनकडे पाहिलं आणि बटण दाबलं. शेजारी मार्याने माझा दंड धरला, काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. खेळ चालू असलेल्या मॅचच्या डोक्यावर 'फायनल' आलं, तळाशी माझं नाव.

"आता बघा, बाबा."

फोनवर काहीतरी खडबडलं. चष्मा शोधत असावेत.

"हो," ते म्हणाले. "झालं दिसते."

"झालं. कुठे जायचं नाही मला. मी बसलेय खाली."

समोर मुली खेळतच होत्या. बाबा सांगायला लागले.