‘स’च्या कप्प्यातील सौभाग्यवती

घाटकोपरच्या एका रुग्णालयात जुने केसपेपर सांभाळणारे एक गृहस्थ माझी तक्रारपत्रे लाल शाईने शुद्धलेखन सुधारून परत करतात. हा उद्धटपणा मी वरिष्ठांना लेखी कळवलेला आहे.

त्या दिवशी मात्र पत्नीची शस्त्रक्रिया तासाभरावर होती आणि पूर्वी कोणत्या औषधाने तिचा श्वास कोंडला, हे जुन्या केसपेपरातच होते. आडनावाच्या कप्प्यात तो मिळेना.

“नियमानुसार...” मी गरजलो.

“काका, नियम ठेवा खिशात. काकूंचं नाव तेव्हा कसं लिहिलंत?”

“सौ. मालती...”

“मग ‘स’मध्ये असणार! आधीच्या क्लार्कबाईंनी सगळ्या सौभाग्यवती तिकडेच कोंबल्यात.”

केसपेपर सापडताच ते जिना धावत चढले. मी धापा टाकत पोहोचलो, तेव्हा ते भूलतज्ज्ञांवर माझ्याहून मोठ्याने गरजत होते, “आधी हे वाचा, मग सुई उचला!”