साडूंच्या दोन खुर्च्या

माझ्या साडूंइतका प्रामाणिक माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि त्यांनी माझं जेवढं नुकसान केलं तेवढं जिल्ह्यातल्या सगळ्या लबाडांना मिळून जमलेलं नाही.

कळमनुरीच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला, पण जीव अडकला एकाच भांडणात. अमेरिका नवीन स्वतंत्र झाली तेव्हा तिच्या खजिन्याच्या मंत्र्याला साऱ्या देशाची मिळून एक बँक काढायची होती. दुसरा मंत्री म्हणायचा, घटनेत बँकेचा शब्द नाही. बँक निघाली की शहरातले व्यापारी माजतील, शेतकरी मरेल. अध्यक्षाने दोन्हीकडची मतं लेखी मागवली आणि अखेर सही केली. पण अशा भांडणांतूनच तिथले पहिले दोन पक्ष उभे राहिले, फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन. मी सातवी नापास. तरी हे मला पाठ आहे, कारण लग्नाच्या पंगतीपासून मर्तिकापर्यंत मी हेच ऐकत आलोय.

त्यांच्या ओसरीवर दोन खुर्च्या. लोखंडी खुर्ची फेडरलिस्ट, बँकेच्या बाजूची. वेताची रिपब्लिकन, विरोधातली. साडू एकीत बसून बोलायचे, मग उठून दुसरीत बसायचे आणि स्वतःलाच झाडायचे. एकदा वेताच्या खुर्चीने असा काही टोला दिला की लोखंडीला उत्तर सुचेना. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही त्यांना. घरात फ्रीज घ्यायचा तर त्याच्याही दोन्ही बाजू झाल्या. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. ती म्हणाली, "उन्हाळा सरला, भाऊजी, यांची चर्चा सरना. दोन्ही पक्ष माठातलंच पाणी पिऊन राहिले."

मी हसलो होतो. पुढे माझ्यावरच पाळी आली.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात गोणपाट अंथरून मी भांडी विकायला बसलो, आणि घासाघीस करत करत दुकान उभं केलं. मग मनात आलं, आपल्या बाजारवाल्यांची स्वतःची पतपेढी असावी. जन्मात तेवढी एकच गोष्ट मी स्वतःच्या गल्ल्यासाठी मागितली नव्हती. सभा बोलावली. चार शब्द बोलायला साडूंना मोटारसायकलवर बसवून मीच आणलं, मटण खाऊ घातलं. आणि काय बोलले ते! बाजारात पालं ठोकून बसणाऱ्या बाया पदर सावरून ऐकत होत्या. माना डोलत होत्या. माझी पतपेढी झालीच होती.

तेवढ्यात साडू उठले, चार पावलं चालले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसले. "आता दुसरी बाजू," म्हणाले.

अर्ध्या तासात पतपेढी पडली.

"काहून असं केलं?" मी भर बाजारात ओरडलो.

"तुमी नुसती एक बाजू मांडायला आणलं होतं, हे सांगितलं न्हाई," ते शांतपणे म्हणाले. वर समजूत घातली, "तिकडची बँक तरी कुठं टिकली? वीस वर्षांनी एका मतानं गेली."

"त्यांची वीस वर्षं तरी चालली! माझी चहा येईपर्यंतबी टिकली न्हाई!"

त्यांना तिथेच सोडून मी निघून आलो. ते एसटीने घरी गेले. त्यानंतर सहा वर्षं आमचं बोलणं बंद.

गेल्या महिन्यात अक्काचा फोन आला. साडूंचे गुडघे गेले, म्हणाली. "लोखंडी खुर्चीतून उठता येत न्हाई. एकच बाजू बोलतात आन् गप बसतात." मी आता भांडायलाही थकलोय. गेलो.

खरंच गप होते. मी वेताच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "घटनेत बँकेचा शब्द न्हाई."

साडूंचे डोळे लकाकले. "शब्द नसंल, पण गरज हाये का न्हाई?"

झालं. दुपारभर ते पतपेढीची बाजू मांडत राहिले, आणि मी, ज्याची पतपेढी, विरोधात. घासाघीस माझ्या रक्तातच. सहजी हटलो नाही. पण शेवटी हरलो. "तुमची पतपेढी व्हायलाच पाहिजे होती, साडूभाऊ," ते म्हणाले.

हेच ऐकायला मी सहा वर्षं थांबलो होतो. मी उठून वेताची खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी केली. साडूंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. वाटलं, उठावं या माणसाने, चार पावलं चालावं, आणि माझी पतपेढी पुन्हा एकदा पाडावी.