कुठलं सान इसिद्रो?

आमच्या डोंगरातल्या लोकांना एकमेकांना नावं ठेवायची हौस दांडगी, पण गावाला नाव ठेवायची वेळ आली की सगळ्यांची अक्कल एकाच जागी अडते. ज्यानं म्हणून झाडं तोडून मका पेरला, त्यानं शेतकऱ्यांच्या संताची आठवण काढली, चार घरं उभी केली आणि गावाला त्या संताचंच, सान इसिद्रो हे नाव देऊन मोकळा झाला. ओलान्चोच्या या कोपऱ्यात, आमच्या रेडिओचा आवाज पोचतो तेवढ्या टापूत, सहा सान इसिद्रो आहेत. सहाही गावांची जत्रा एकाच दिवशी, पंधरा मेला, आणि पाद्री एकच. दर वर्षी तो एका गावाला जातो आणि पाच गावं रुसतात.

घोळ नको म्हणून लोकांनी गावांना शेपट्या लावल्या. झऱ्याचं सान इसिद्रो, जळकं सान इसिद्रो, पुलापलीकडचं, कोरडं, वरचं आणि दोन क्रुसांचं. पण स्वतःच्या गावाला शेपटी लावून घ्यायला कुणी तयार नाही. आपलं ते नुसतं सान इसिद्रो, शेपट्या बाकीच्यांना. कोरड्या सान इसिद्रोच्या माणसाला तोंडावर तसं म्हणून पाहा, पुन्हा त्या वाटेनं जायची सोय राहणार नाही.

या सहा गावांच्या घोळात डोन्या डोमितिला सूनिगाचा जन्म गेला. बाजाराच्या गावी रेडिओच्या खिडकीत बसून ती लोकांचे निरोप लिहून घ्यायची. डोंगरात टेलिफोनची तार कधी चढली नाही, टपाल आलं तर आलं. कोण बाळंत झाली, कुणाचं खेचर सुटलं, दवाखान्यातून कुणाला कधी सोडणार, हे सगळं रेडिओवरून कळायचं. पहाटे पाचला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा.

"सान इसिद्रोला सांगा, म्हाताऱ्यानं शनिवारी खेचर घेऊन वाटेवर यावं," एखादा शेतकरी म्हणायचा.

"कुठलं सान इसिद्रो?"

"कुठलं म्हणजे? आमचं."

"तुमच्या घरी मी कधी जेवायला आलेय? कुठलं ते सांगा."

"पुलापलीकडचं म्हणतात. ज्यांना अक्कल नाही ते."

"मग मी बिनअकलेची. पुलापलीकडचं. लिहिलं. पुढे बोला."

शेपटी सांगितल्याशिवाय ती पेन्सिल टेकवायची नाही. बाजारातल्या बायका तिला मागून 'कुठलं-बाई' म्हणायच्या आणि ते तिला ठाऊक होतं. निरोप वाचणारे डॉन कासिमिरो, दम्यानं जर्जर झालेले पण आवाज भारदस्त, तेही तिची फिरकी घ्यायचे. त्यांच्याकडे जगाच्या नकाशांचं एक फाटकं पुस्तक होतं.

"डोमितिला, पेरूमध्ये एक सान इसिद्रो सापडलं बघ. अर्जेंटिनातही आहे. आणि फिलिपाइन्समध्ये तर मोजून होईनात. तिथे असतीस तर वेडी झाली असतीस."

"इथे काय शहाणी राहिलेय?"

पण खिडकीतून आलेला कागद डॉन कासिमिरो डोळे झाकून वाचायचे. डोमितिलानं लिहिलंय म्हणजे प्रश्नच नाही.

तिचा हा हट्ट कुठून आला, ते गावात फार थोड्यांना माहीत होतं. ती मूळची जळक्या सान इसिद्रोची. एकविसाव्या वर्षी तिचं एलेउतेरिओ मुरियोशी ठरलं होतं. तोही त्याच गावचा, तीन भावांतला मधला, लाजरा आणि तितकाच मानी. लग्नासाठी चार पैसे गाठीला हवेत म्हणून तो पाइनच्या झाडांचा चीक काढायच्या कामावर दूरच्या रानात गेला. तिथून एका संध्याकाळी रेडिओवर त्याचा निरोप आला. गावातला एकुलता एक रेडिओ दुकानात होता, त्यामुळे तिच्याबरोबर सगळ्या गावानं ऐकला. येत्या शनिवारी पाद्री सान इसिद्रोला येतो आहे. डोमितिला सूनिगानं बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन देवळात यावं. एलेउतेरिओ वाट पाहतो.

सान इसिद्रो म्हणजे इथलंच, दुसरं कुठलं? तो पाद्र्याला घेऊन घरी येतोय, असं तिला वाटलं, तिच्या आईला वाटलं, त्याच्या भावांनाही वाटलं. शनिवारी सकाळी ती पांढरा झगा घालून देवळाच्या पायऱ्यांवर बसली. दाखला रुमालात बांधलेला होता. दुपार झाली, बायका म्हणाल्या, पाद्री वाटेत अडकला असेल. दिवेलागणीला त्याच बायका तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. आई येऊन तिला हाताला धरून घरी घेऊन गेली. पुढे सात महिन्यांनी खबर आली की एलेउतेरिओनं तिकडेच, झऱ्याच्या सान इसिद्रोत लग्न केलं. तो आपल्या गावी परत आला नाही. आईच्या मातीलाही आला नाही. गावानं त्याला दगाबाज ठरवलं आणि तिला बिचारी. मागणी घालायला नंतर दोघे आले. दोघांनाही तिनं कॉफी पाजून वाटेला लावलं.

तिचं अक्षर चांगलं म्हणून अकरा वर्षांनी तिला रेडिओत काम मिळालं. कपाटातल्या जुन्या वह्यांना उंदीर लागले होते. त्या जाळायला काढल्या तेव्हा तिला राहवलं नाही, तिनं त्या वर्षाची वही शोधली. निरोप होता. दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, पण नीट लिहिलेला. 'शनिवारी पाद्री सान इसिद्रोला येतो, झऱ्याच्या.' एलेउतेरिओनं शेपटी सांगितली होती. वहीतून वाचायच्या कागदावर उतरवताना कुणीतरी ती गाळली होती. घाई असेल, कंटाळा असेल. एका शब्दाचा तर प्रश्न होता.

म्हणजे तो तिथे उभा होता आणि ती इथे बसली होती. ती आली नाही असं त्याला वाटलं, तो आला नाही असं तिला. वही मांडीवर घेऊन डोमितिला जमिनीवर बसली ती कासिमिरोंनी दोनदा हाक मारेपर्यंत उठली नाही. तोवर त्याला चार मुलं झालेली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती विचारू लागली. कुठलं सान इसिद्रो?

आणि एक निरोप तिनं स्वतःसाठी लिहिला. 'एलेउतेरिओ मुरियो, झऱ्याचं सान इसिद्रो. त्या शनिवारी डोमितिला आली होती.' एवढंच. तिला त्याच्याकडून काही नको होतं, संसार मोडायचा नव्हता, फक्त हे त्याच्या कानावर जायला हवं होतं. वर्षातून एकदोनदा ती हा कागद लिहायची आणि फाडायची. सगळा डोंगर ऐकणार. त्याची बायको चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकणार. चार वर्षांपूर्वी ती बायकोही वारली, तरी डोमितिलाला धीर झाला नाही. या उन्हाळ्यात देऊ, जत्रा झाली की देऊ, असं करत ती एक्कावन्न वर्षांची झाली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी खिडकीशी एक पंचविशीची बाई आली. डोक्याला काळा रुमाल, पायावर धूळ. बाहेर भाड्याच्या ट्रकमध्ये नवी शवपेटी ठेवलेली होती.

"निरोप द्यायचाय," ती म्हणाली. "मी ओलिम्पिया. एलेउतेरिओ मुरियोंची मुलगी. बाबा आज पहाटे गेले."

डोमितिलानं पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"कशानं?"

"छातीनं. महिनाभर अंथरुणावर होते. शेवटी शेवटी तोरिबिओ काकांचं नाव घेत होते, त्यांचे मोठे भाऊ. आम्ही त्यांना कधी पाहिलंही नाही. उद्या बारा वाजता माती आहे, सगळ्या मुरियोंनी यावं असं सांगा. काका आल्याशिवाय पेटी बंद करू नका म्हणालेत बाबा."

डोमितिलानं लिहिलं. तिचं अक्षर थोडं वाकडं आलं. 'तोरिबिओ मुरियो आणि सर्व मुरियो यांना. भाऊ एलेउतेरिओ वारला. बुधवारी दुपारी बारा वाजता सान इसिद्रोला माती. सगळ्यांनी यावं.' तिला काही विचारावं लागलं नाही. तो कुठे राहतो हे ती इतकी वर्षं जाणून होती. कितवं घर, दारात कसलं झाड, सगळं.

"संध्याकाळी पाचला ऐका," ती सवयीनं म्हणाली, "नीट वाचलं की नाही ते."

"आमच्याकडे रेडिओ नाही, डोन्या. बाबांनी घरात येऊच दिला नाही. शेजारी लागला तरी उठून रानात जायचे."

"का?"

ओलिम्पिया संकोचून हसली. "जुनी गोष्ट आहे. तरुणपणी त्यांनी कुणा मुलीला रेडिओवरून बोलावलं होतं म्हणे, लग्नाला. सगळ्या डोंगरानं ऐकलं. हे नवा शर्ट घालून देवळाच्या दारात दिवसभर उभे आणि ती आलीच नाही. आई त्यांना त्यावरून चिडवायची. आम्हीही चिडवायचो."

"मग ते काय म्हणायचे?"

"काही नाही. म्हणायचे, तिचं बरोबर असेल."

डोमितिलाच्या तोंडाशी आलं होतं, पण मागे चार माणसं रांगेत होती आणि ट्रकवाला भोंगा वाजवत होता. ओलिम्पिया निघून गेली. म्हणजे वीस वर्षं जो निरोप लिहून फाडला, तो पाठवला असता तरी त्याच्यापर्यंत पोचला नसता. हे कळल्यावर माणसाला हलकं वाटावं. डोमितिलाला वाटलं नाही.

नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच ती पाचचे निरोप ऐकायला थांबली नाही. कागद कासिमिरोंच्या मेजावर ठेवून घरी गेली, काळा झगा इस्त्री केला, पेटीच्या तळातून तो दाखला काढला. घरचा रेडिओ तिनं लावला नाही. त्याचं नाव असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती. पहाटेचा पहिला ट्रक पकडून दहाच्या सुमाराला ती झऱ्याच्या सान इसिद्रोला उतरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अंगणात बायका जपमाळ म्हणत होत्या, पुरुष कॉफी घेत उभे होते. ओलिम्पियानं तिला ओळखलं. "रेडिओवाल्या डोन्या? एवढ्या लांबून?"

"गावाकडच्या ओळखीचे होते," डोमितिला म्हणाली.

पेटी उघडी होती. तो म्हातारा झाला होता, गाल बसले होते, पण कपाळ तेच. ती वाकली, दाखला त्याच्या हाताखाली सरकवला आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "मी आले होते. त्या दिवशी मी आले होते." मागच्या बाईला वाटलं प्रार्थना म्हणते आहे, तिनं आमेन म्हटलं.

बारा वाजले, मुरियो आले नाहीत. ओलिम्पियानं एकाला वळणापर्यंत पाठवलं, तो हात हलवत परतला. एक वाजला. दोन वाजले. ऊन असं होतं की पेटीवर ओला कपडा टाकावा लागला. शेवटी प्रार्थना सांगणाऱ्या म्हातारीनं ओलिम्पियाला बाजूला घेतलं. "बाई, आता झाका. मेलेल्याची आबाळ करू नका."

"तीस वर्षांत आले नाहीत, आज कशाला येतील?" ओलिम्पिया म्हणाली. "बाबांचं नशीबच तसं. बोलावलं की कुणी येत नाही." तिनं स्वतः झाकण लावलं. मोठ्या भावानं टाकायची पहिली मूठ माती तिनं टाकली. डोमितिला शेवटच्या फावड्यापर्यंत तिथे उभी राहिली.

चारच्या पुढे गुरांचा एक ट्रक धूळ उडवत आला. वरती वीसबावीस माणसं, बायका, फुलं. पुढून एक म्हातारा काठी टेकत उतरला. तोरिबिओ मुरियो. त्याच्या विजारीला गुडघ्यापर्यंत लाल माती लागली होती, आणि तसली माती या गावात नाही. त्यानं कबरीकडे पाहिलं, टोपी काढली.

"झालं?"

"किती वाट पाहिली, काका," ओलिम्पिया म्हणाली.

"वाट आम्हीही पाहिली, पोरी. पहाटेपासून आईशेजारी खड्डा खणला. सगळं गाव देवळाच्या पायऱ्यांवर बसलं होतं. वाटलं, रुसवा सोडला यानं, मेल्यावर का होईना घरी येतोय. बारा वाजले, एक वाजला, पेटी येईना. मग कुणीतरी म्हणालं, अरे, इकडचं तर नसेल?"

"पण निरोप इथलाच होता."

"रेडिओवर नुसतं सान इसिद्रो म्हणाले. दोन्ही वेळा. आम्हाला नुसतं सान इसिद्रो म्हणजे एकच." त्यानं डोळे पुसले. "तो खड्डा उघडाच आहे तिकडे. कुणी लिहून घेतला होता निरोप?"

 ओलिम्पियानं मागे वळून पाहिलं, तेव्हा म्हाताऱ्यानंही पाहिलं. जळक्या गावची सूनिगांची मुलगी त्यानं लगेच ओळखली.

"मी," डोमितिला म्हणाली.

तोरिबिओ रागावला नाही. रागवायला त्याच्यात बळ नव्हतं. 

"अगं डोमितिला," तो म्हणाला, "तू तरी विचारायचंस ना, कुठलं सान इसिद्रो."