एका रकान्यातलं ‘नाही’

पाटणच्या अलीकडे आमच्या गावात जुनं दगडी देऊळ आहे. ते राष्ट्रीय संरक्षित स्मारक, आणि मी तिथला पहारेकरी. दिल्लीत मुख्य कचेरी, तिच्याखाली मंडळ, मंडळाखाली उपमंडळ, आणि सगळ्यांत खाली मी, किल्ल्यांचा जुडगा घेऊन. साहेब येतात आणि जातात. मला मात्र तारेच्या कुंपणाआतून हलता येत नाही.

माझे वडील गवंडी. पूर्वी देवळाचं छत गळायला लागलं की गाव त्यांनाच बोलवायचं. बैल जुंपून फिरवायच्या दगडी चाकाच्या घाणीत चुना मळून, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालून ते दगडांचे सांधे भरायचे. देऊळ संरक्षित झालं आणि परवानगीशिवाय थापी लावायची बंदी आली. नियम वाईट नव्हता. उत्साही मंडळींनी पायऱ्यांवर फासलेलं सिमेंट मीच खरवडलंय.

छत पुन्हा गळू लागलं तेव्हा मीच वर कळवलं. वडील रोज विचारायचे, “आरं, कवा बोलावत्यात? माजं हात अजून चालत्यात.”

मग वरून माहितीचा तक्ता भरायला आला. त्यात एक रकाना होता: चुन्याचं काम जाणणारा स्थानिक कारागीर आहे का? पेन उघडून मी बराच वेळ बसलो. माझी नोकरी कंत्राटी. बापाचं नाव लिहावं तर लोक म्हणणार, घरचाच माणूस घुसवला; वर नोकरीवर गदा यायची. मी ‘नाही’ लिहून मोकळा झालो. मोकळा कसला, तिथंच अडकलो. घरी सांगितलं, वरून अजून काही कळवलं नाही.

मंजुरी आली तसे बाहेरगावचे कारागीर आले. दुसऱ्या दिवशी वडील कुंपणापाशी येऊन जाळी धरून उभे राहिले.

“चुना कच्चा हाय लेका. अजून मुरू दे म्हनावं.”

“आवं आबा, काम चालू हाय. आत येऊ नगा.” माझ्या बापाला अडवायला मला सरकार पगार देत होतं.

काम बघायला आलेल्या उपमंडळाच्या साहेबांनी ऐकलं. ते जाळीजवळ आले. “बाबा, तुम्हाला चुन्यातलं कळतं? तुमच्या पहारेकऱ्यानं तर लिहून दिलंय, इथं कुणी कारागीर नाही.”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. मी किल्ल्यांकडे बघत राहिलो. लाज वाटली.

“बरोबर लिवलंय त्यानं,” वडील साहेबांना म्हणाले. “आमाला काय येतंय? उगं आपलं बोललो.”

मग त्यांनी जाळीवरचे हात काढले आणि धोतराला नीट पुसले, काम संपल्यावर पुसायचे तसे. हातांना काहीच लागलेलं नव्हतं.