पाकळी पडण्याआधी

तुयेच्या फॅक्टरीत जाणारी ती शेजारची मुलगी बसमध्ये उभ्या उभ्याच डोळे मिटायची. सलवार नेहमी काळी, कारण रक्त थांबत नव्हते. गर्भाशयाचे अस्तर जाड झाले होते. तो कर्करोग नव्हता, पण पुढे होऊ शकला असता. डॉक्टर म्हणाले, आधी हार्मोनच्या गोळ्या घेऊन काही महिन्यांनी पुन्हा तपासू. तिच्या आईची बहीण कर्करोगाने गेलेली, त्यामुळे आईला वाटे, मुलीची पिशवी काढूनच टाकावी. शेवटी आईने देवीचा कौल घ्यायला प्रसाद लावला.

देवीपुढे गाऱ्हाणे मांडून कौल मागणारा मी. आमच्याकडे ते मोठ्यानेच घालतात. पुजाऱ्याने मूर्तीला पाकळ्या लावल्या आणि मी मुलीचे नाव, तिची पिशवी, तिचे रक्त सगळ्या मंडपाला ऐकवले. उजवी पडली तर गोळ्या, डावी पडली तर ऑपरेशन.

ती खांबाला टेकून बसली होती. "आजो, देवीक आयकूंक येता. गावाक कित्याक सांगतात?"

"गप रव गो," आई म्हणाली.

"गपच आसां. गोळयो कालच सुरू केल्यो."

ती पायऱ्या उतरून गेली. मग उजवी पाकळी पडली. देवीने पिशवी राखली, असे गाव म्हणू लागले आणि मीही मान डोलावली. आता पुढची तपासणी आहे. ती वाईट निघाली, तर पाकळीसाठी थांबली नाही म्हणून हेच लोक तिला बोल लावतील. म्हणून सांगतो, निर्णय तिचा होता, डॉक्टरांशी बोलून घेतलेला. बसथांब्यावर बाया अजून तिला विचारतात, "रगत थांबलें गो?" ते मात्र माझ्यामुळे.