किसनाची घागर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, हा माणूस आणि गप्प? अल्लीपुरात कुणालाही विचारा — लढाईतला गोरा साहेब आमच्या गावी कसा आला, हे मी दरवर्षी नवी फोडणी देऊन सांगत आलोय. त्याची टोपी, उन्हानं लाल झालेलं नाक, मोटारीमागं धावणारी कुत्री — सगळं करून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. मधला एक तुकडा तेवढा गाळतो. तो आज सांगतो. जमला तर.

सत्त्याहत्तर साल असावं. चैत्र होता, हे नक्की. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाषा मीच. साहेब बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट होऊन हिंदुस्थानात आला, आपल्याकडची पोरं घेऊन ब्रह्मदेशात लढला, कॅप्टन झाला, पदक लावून घरी गेला. तेव्हा येत असलेलं हिंदुस्थानी तीस वर्षांत पार विसरला होता. किसना त्याच्या हाताखालचा शिपाई. किसना परतलाच नाही. 'बेपत्ता' असं कळवलं गेलं, आणि त्याची बायको सरूबाई कुंकू लावून वाट बघत राहिली.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात — त्यांना तहान लागू नये म्हणून. किसनाची घागर सरूबाईनं कधी भरली नव्हती. जिवंत माणसाची भरायची कशी? आणि तो गेलेलाच असेल तर — तहानलेला राहिला असेल त्याचं काय?

साहेब आला त्या दिवशी तिच्या ओसरीवर सारं गाव जमलेलं. सरूबाई मला म्हणाली, "मास्तर, बापा, सायबाले एवढंच विचार. त्याईच्या नावाची घागर भरू का नको?"

मी विचारलं. साहेब खाली बघत बोलू लागला. किसनाच्या पोटात गोळी लागली होती. पलटण माघार घेत होती. किसना पाणी मागत होता. साहेबाच्या बाटलीत पाणी होतं — पण चालू शकणाऱ्यांसाठी त्यानं ते राखलं. किसना त्याच्या डोळ्यांदेखत गेला. कोरड्या तोंडानं. मग लाजेनं साहेबानं कागदावर 'बेपत्ता' लिहिलं. ते सांगायलाच तो एवढ्या लांबून आला होता.

"पानी... पानी..." मधेच त्याच्या तोंडून निघालं.

सरूबाईनं लगेच विचारलं, "पाणी काऊन म्हणून राह्यला तो?"

"तहान लागली सायबाले, काकू," मी म्हणालो.

का म्हणालो? दया आली म्हणून? तसं मानायला बरं वाटतं. पण ओसरीभर डोळे माझ्यावर होते, चहा यायचा होता, आणि रडारड झाली असती तर माझा सगळा रंग उतरला असता — हे खरं ना? की हेही मी आता रचतोय? मला खरंच कळत नाही.

सरूबाईनं लोटा आणून त्याच्यापुढं धरला. साहेब ढसाढसा रडला. हिला सगळं कळलं ना, हिनं मला माफ केलं ना, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. मी म्हणालो — हो. तो लोटाभर पाणी प्यायला.

मग मी तिच्याकडे वळलो. "किसनाकाका धडधाकट होते म्हणते साहेब. नदीवर चुकामूक झाली. घागर नका भरू."

ओसरीवर टाळ्या पडल्या. त्या मला आवडल्या.

सरूबाई आठ-नऊ वर्षांनी गेली — कपाळावर कुंकू घेऊन. किसनाची घागर तिनं कधीच भरली नाही. पण मला आठवते ती त्याच वर्षीची अक्षय तृतीया. तिनं सासू-सासऱ्यांच्या दोन घागरी भरल्या आणि सासऱ्यांच्या जागी पितर म्हणून मला जेवायला बसवलं. मी जेवत होतो, ती समोर बसून वारा घालत होती.

"तू होता म्हणून बरं झालं, बापा," ती म्हणाली. "नाई त यंदा भरणारच होती मी त्याईची घागर. जित्या माणसाची! केवढं पाप झालं असतं."

मी हसलो. आणि आणखी एक पुरणपोळी मागून घेतली.