दुपारची गोळी

आत्याची चादर बदलताना उशीखाली मला चार गोळ्या सापडल्या. कॅन्सर हाडांत उतरला होता. आता फक्त वेदना कमी ठेवायच्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारची गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवत असे. मी चिडलेच.

"आत्या, मला फसवलंस?"

"हो," ती म्हणाली. "सकाळची घेते, रात्रीची घेते. दुपारची घेतली की डोळे मिटतात. चार वाजता शालिनी रमी खेळायला येते. ती काय माझं घोरणं ऐकायला येते?"

"पण दुखतं ना?"

"दुखतं. दुखणं माझं आहे, तशी दुपारही माझीच आहे."

सगळ्या गोळ्या निमूट घेणाऱ्याला आपण शहाणा पेशंट म्हणतो. गोळी घेतल्यावर कसं वाटतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. नुसता पाण्याचा पेला पुढे करत होते. माणूस बरा होणार नाही असं कळलं, की त्याचं सगळंच आपण ठरवू लागतो, आणि तेही प्रेमाने.

घरी येणाऱ्या सिस्टरना मी गोळ्या दाखवल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि तो आत्याच्याच हातात दिला. डॉक्टरांनी सगळं ऐकून गोळीची वेळ बदलली: डाव संपल्यावर.

चार वाजता शालिनीमावशी आल्या. आत्या कण्हतच भिंतीला टेकून बसली. मी सवयीने म्हटलं, "जरा आराम कर ना."

ती पत्ते पिसत म्हणाली, "आराम पुढे भरपूर आहे. तू बाजूला हो, उजेड अडवतेस."